आरोप फौजदारी, कोठडी इमिग्रेशनची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नागरिक नसलेल्या माणसावर मारहाण, दरोडा, लैंगिक अत्याचार, खून असा हिंसक आरोप लागला की घरच्यांची त्रेधा उडते. हे प्रश्न सहसा धरलेल्या माणसाचे नसतात. ते त्याच्या बायकोचे, मेव्हण्याचे, रूममेटचे असतात आणि अर्धे तरी मध्यरात्री आलेले असतात. खालची उत्तरं वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत. पण वकिलाला काय विचारायचं, एवढं तरी त्यातून कळावं.

१. पोलिसांनी धरणं आणि आयसीईने (इमिग्रेशन कायदा राबवणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा) धरणं यात फरक काय? शेवटी तुरुंग तो तुरुंगच ना?

एका माणसावर दोन कुलपं आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या माणसांकडे आहेत. पहिलं कुलूप फौजदारी खटल्याचं. ते राज्याच्या किंवा फेडरल फौजदारी न्यायाधीशाच्या हातात असतं, आणि तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. दुसरं कुलूप इमिग्रेशनचं. ते कायद्याच्या भाषेत दिवाणी आहे, म्हणजे ही शिक्षा नव्हे, देशाबाहेर काढण्याच्या कारवाईसाठी माणूस हाताशी ठेवणं. पण आयसीई कैदी ठेवते ती जागा अनेकदा काउंटीचा तुरुंग किंवा खासगी कंपनीचं केंद्रच असते, त्यामुळे आतल्या माणसाला हा फरक जाणवत नाही.

एक कुलूप उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही. खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

२. नुसता आरोप आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. तरी इमिग्रेशनवाले डांबू शकतात?

हो. देशात असायला कायदेशीर आधार नाही, किंवा होता तो संपला, असं सरकारचं म्हणणं असेल तर तेवढ्यावर अटक करता येते. तिथे फौजदारी आरोप लागतच नाही. आरोपाचा परिणाम पुढे दिसतो: मधल्या काळात सोडायचं की नाही हे ठरवताना.

इमिग्रेशन कायद्याचं कलम २३६ दोन वाटा ठेवतं. पोटकलम ‘अ’ खाली आयसीई माणसाला ठेवू शकते, बॉन्डवर, म्हणजे हमीची रक्कम भरून घेऊन, सोडू शकते किंवा अटी घालून सोडू शकते, आणि आयसीईने नाही म्हटलं तर इमिग्रेशन न्यायाधीशाकडे दाद मागता येते. पोटकलम ‘क’ खाली मात्र सोडायचा प्रश्नच नाही, ठेवलंच पाहिजे. आपला माणूस कोणत्या वाटेवर आहे, हे पहिल्या दिवशी कळायला हवं. ताब्याच्या निर्णयाचा कागद, फॉर्म आय-२८६, मागून घ्या.

३. ‘बॉन्ड मिळणारच नाही’ असं नेमकं कोणाला सांगतात?

पोटकलम ‘क’ १९९६ च्या कायद्याने आजच्या रूपात आलं. त्याची जुनी यादी मुख्यतः सिद्ध झालेल्या गुन्ह्यांवर चालते: ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे इमिग्रेशन कायद्याने विशेष गंभीर ठरवलेले गुन्हे (प्रश्न ६), बहुतेक अमली पदार्थांचे गुन्हे, बंदुकीचे गुन्हे, नैतिक अधःपतनाचे मानले जाणारे दोन गुन्हे. दहशतवादाशी संबंधित कारणांना वेगळी जागा आहे. म्हणजे २०२५ पर्यंत खुनाचा आरोप असलेल्या पण दोषी न ठरलेल्या माणसाला कागदोपत्री बॉन्ड मागता येत असे. तो मिळायचा क्वचितच, हा भाग निराळा.

जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने हे गणित बदललं (प्रश्न ४). शिवाय तपासणी न होता सीमा ओलांडून आलेल्यांना बॉन्डची सुनावणी द्यायचीच नाही, गुन्हा असो वा नसो, अशी भूमिका इमिग्रेशन अपील मंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतली. फेडरल न्यायाधीशांमध्ये यावर फूट आहे, त्यामुळे माणूस कोणत्या राज्यात ठेवलाय यावर उत्तर बदलतं.

४. लेकन रायली कायदा मला लागू होतो का? मी एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे.

सध्या सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त चुकीची उत्तरंही याचीच फिरतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्स इथे एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा खून झाला. आरोपी बेकायदा सीमा ओलांडून आलेला होता आणि आधी दुकानातल्या चोरीच्या प्रकरणात सापडला होता. तिच्या नावाने झालेल्या कायद्यावर २९ जानेवारी २०२५ ला सही झाली. त्यासाठी दोन अटी एकत्र लागतात. एक: घरफोडी, चोरी, दुकानातली चोरी, पोलिसावर हल्ला, किंवा ज्यात कोणाचा मृत्यू वा गंभीर शारीरिक इजा झाली असा कोणताही गुन्हा. आणि इथे दोषी ठरणं लागत नाही. अटक, आरोप किंवा स्वतःची कबुली पुरते. दोन: तो माणूस विशिष्ट इमिग्रेशन कारणांनी ‘प्रवेशास अपात्र’ असायला हवा. म्हणजे तपासणीशिवाय आत शिरलेला, फसवणुकीने किंवा खोट्या नागरिकत्वाच्या दाव्याने काही मिळवू पाहणारा, किंवा प्रवेश मागताना योग्य कागद नसलेला.

दुसरी अट लोक वाचतच नाहीत. विमानतळावर रीतसर शिक्का घेऊन आलेला आणि स्टेटसमध्ये (वैध वास्तव्यात) असलेला एच-१बी वाला सहसा तिच्यात बसत नाही. व्हिसा संपूनही राहिलेला माणूससुद्धा केवळ तेवढ्यामुळे बसत नाही. त्याला काढण्याची कारवाई वेगळ्या कलमाखाली होते. पण फसवणुकीचा शब्द हलक्यात घेऊ नका. व्हिसासाठी दिलेलं अनुभवाचं बनावट पत्र, नोकरीच्या फॉर्मवर किंवा मतदार नोंदणीत ‘नागरिक’ या चौकटीत केलेली खूण, यांमुळे रीतसर आलेला माणूसही त्या दारातून आत ओढला जाऊ शकतो.

कायदा लागू नाही याचा अर्थ कोठडी नाही, असा घेऊ नका. आयसीई पोटकलम ‘अ’ खाली ठेवू शकते (प्रश्न २). परराष्ट्र खातं नुसत्या अटकेवरून, विशेषतः दारू पिऊन गाडी चालवल्याच्या, व्हिसा रद्द करतं, तेही आहेच.

५. भावाकडे वीस वर्षांपासून ग्रीन कार्ड आहे. त्याला कसं काय डांबतात?

ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. सक्तीच्या कोठडीला घटनात्मक ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल, डिमोर विरुद्ध किम, ग्रीन कार्डधारकाच्याच प्रकरणातला आहे. २०१९ च्या नील्सन विरुद्ध प्रीप निकालाने पुढचा दरवाजाही लावला. शिक्षा भोगून सुटल्यानंतर आयसीईने लगेच उचललं नाही, माणूस वर्षानुवर्षं घरी राहिला, कामाला लागला, मुलं झाली, तरी नंतर धरल्यावर तो पोटकलम ‘क’ मध्येच.

ग्रीन कार्डवाल्यांना आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: आरोप चालू असताना किंवा जुना गुन्हा नावावर असताना वकिलाला विचारल्याशिवाय देशाबाहेर जाऊ नका. परतताना विमानतळावर तुम्हाला घरी येणारा रहिवासी न मानता नव्याने प्रवेश मागणारा मानलं जाऊ शकतं.

६. कायद्यात ‘गंभीर हिंसक गुन्हा’ म्हणजे नक्की काय?

बोलण्यातला अर्थ आणि कायद्यातला अर्थ इथे फारकत घेतात. खून, बलात्कार आणि अल्पवयीनावरचा लैंगिक अत्याचार हे सिद्ध झाल्यावर थेट अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी ठरतात, शिक्षा कितीही असो. बाकीचे ‘क्राइम ऑफ व्हायोलन्स’, म्हणजे हिंसेचा गुन्हा, म्हणून त्याच यादीत यायला दोन गोष्टी लागतात: दुसऱ्यावर बळाचा वापर, प्रयत्न किंवा धमकी हा गुन्ह्याच्या व्याख्येतलाच घटक असणं, आणि किमान एक वर्षाची शिक्षा.

गफलत होते ती या एका वर्षाची. न्यायाधीशाने एक वर्ष सुनावलं आणि सगळं स्थगित केलं, माणूस एक रात्रही आत राहिला नाही, तरी इमिग्रेशनसाठी ते एक वर्षच. उलट ३६४ दिवसांची शिक्षा या व्याख्येत बसत नाही. एका दिवसाने आयुष्य बदलतं, ते असं. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क या राज्यांनी म्हणूनच आपल्या मिस्डिमीनर (कमी गंभीर) गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली.

दारू पिऊन गाडी चालवताना कोणी जखमी झालं, तर तो ‘क्राइम ऑफ व्हायोलन्स’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये लिओकाल प्रकरणात सांगितलं, कारण तिथे बळाचा हेतू नसतो. पण इजा गंभीर असेल तर तोच अपघात लेकन रायली कायद्याच्या शब्दांत बसतो. एकाच घटनेला दोन कायदे दोन नावं देतात.

७. बायकोने रागात ९११ ला फोन केला. आता ती म्हणते तक्रार मागे घेते. मग संपलं ना?

नाही. फिर्यादी ती नाही, राज्य आहे. खटला चालवायचा की सोडायचा हे सरकारी वकील ठरवतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कॉलवर अनेक राज्यांत पोलिसांना कोणाला तरी अटक करावीच लागते, आणि बायको कोर्टात आलीच नाही तरी ९११ चं रेकॉर्डिंग, फोटो, शेजाऱ्याची साक्ष यावर खटला चालू शकतो. तिच्यावर दबाव आणायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. सासरच्या मंडळींनी तिला ‘समजावणं’ हा साक्षीदाराला धमकावल्याचा नवा गुन्हा होऊ शकतो.

कौटुंबिक हिंसाचाराचा गुन्हा सिद्ध झाला तर तो हद्दपारीचं कारण आहे. पण पोटकलम ‘क’ च्या सक्तीच्या यादीत ते कारण नाही. त्यामुळे तोच गुन्हा दुसऱ्या नावाने, म्हणजे अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी म्हणून, यादीत शिरत नसेल तर बॉन्ड मागता येतो. अनुभवी वकीलही घाईत हे विसरतात.

याच्या उलटी बाजू संरक्षण आदेशाची. कोर्टाने ‘संपर्क करू नका’ म्हटलं असताना ‘मुलांना शाळेतून आणू का’ असा साधा मेसेज पाठवणंही अंगाशी येऊ शकतं. हिंसा, धमकी किंवा वारंवार छळापासून संरक्षण देणारा भाग मोडला असं एखाद्या न्यायालयाने ठरवलं की तेवढं हद्दपारीला पुरतं. फौजदारी दोषसिद्धी लागत नाही. आदेश तिने मागितलेला नसला तरी तो पाळायचा असतो, आणि तिने स्वतः फोन केला तरी.

आणि हे वाचणारी जर ‘ती’ असेल तर: नवऱ्याच्या व्हिसावर असणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. पीडितांसाठी यू व्हिसा आहे, आणि नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याच्या सहीशिवाय स्वतः अर्ज करायची सोयही आहे.

८. तुरुंगातून सांगितलं ‘डिटेनर लागलाय’. हे काय?

आयसीईची तुरुंगाला विनंती: हा सुटायची वेळ आली की आम्हाला कळवा आणि आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. फॉर्म आय-२४७ए. ही विनंतीच आहे, न्यायाधीशाचं वॉरंट नाही, असं तिसऱ्या सर्किटने (सर्किट म्हणजे काही राज्यांचं मिळून एक फेडरल अपील न्यायालय) २०१४ मध्ये स्पष्ट केलं. राज्याराज्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेक्सासचा २०१७ चा कायदा स्थानिक तुरुंगांना डिटेनर पाळायला लावतो. इलिनॉयचा त्याच वर्षीचा कायदा निव्वळ डिटेनरवर थांबवून ठेवायला मनाई करतो. कॅलिफोर्निया या दोन टोकांच्या मधे कुठेतरी: तिथला कायदा सहकार्यावर बंधनं घालतो, पण गंभीर आणि हिंसक गुन्ह्यांसाठी अपवाद ठेवतो. म्हणजे या पानावरच्या प्रकरणांत ‘आमचं राज्य सॅन्क्च्युअरी आहे’, म्हणजे आयसीईला मदत करत नाही, यावर विसंबू नये.

९. फौजदारी कोर्टाने जामीन दिलाय. लगेच भरून टाकू?

थांबा. आधी डिटेनर आहे का ते विचारा.

घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. पैसे जमवून जामीन भरला जातो आणि माणूस तुरुंगाच्या दारातूनच आयसीईच्या गाडीत बसतो. मग पुढचं सगळं एकदम कोसळतं. त्याला दुसऱ्या राज्यात हलवलं जाऊ शकतं. फौजदारी तारखेला तो हजर राहू शकत नाही. न्यायाधीश वॉरंट काढतो, जामिनाची रक्कम जप्तीच्या तोंडाशी येते. आयसीईच्या कोठडीतले दिवस फौजदारी शिक्षेत सहसा धरले जात नाहीत, आणि तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही (प्रश्न ११). फौजदारी तुरुंगात राहिला असता तर निदान वकील जवळ होता, दिवस मोजले जात होते.

म्हणून कधीकधी वकीलच सांगतो, जामीन भरू नका. ऐकायला क्रूर वाटतं. काही प्रकरणांत उलटही असतं: इमिग्रेशन बॉन्ड मिळण्याची शक्यता चांगली असेल तर दोन्हींची तयारी करून, पैसे दोन्हीकडे तयार ठेवून, मगच पाऊल टाकायचं. क्रम फौजदारी आणि इमिग्रेशन अशा दोन्ही वकिलांनी एकत्र बोलून ठरवायचा. ते एकमेकांना आपणहून फोन करतील अशी आशा धरू नका, तुम्हीच जोडून द्या.

१०. इमिग्रेशन बॉन्डच्या सुनावणीत काय पाहतात? किती पैसे लागतात?

दोन गोष्टी: हा माणूस समाजाला धोका आहे का, आणि पळून जाईल का. धोका आहे असं न्यायाधीशाचं मत झालं की रकमेचा प्रश्नच उरत नाही, नकार. हिंसक आरोपात सगळी लढाई इथेच असते. बहुतेक ठिकाणी आपण धोकादायक नाही हे माणसालाच पटवून द्यावं लागतं. पहिल्या आणि दुसऱ्या सर्किटच्या, म्हणजे बॉस्टन आणि न्यू यॉर्ककडच्या, अपील न्यायालयांनी काही प्रकरणांत ते ओझं सरकारवर टाकलंय.

पोलिस रिपोर्ट इथे पुरावा म्हणून चालतो. दोषसिद्धी नसलेल्या नुसत्या रिपोर्टला फार वजन देऊ नये असे अपील मंडळाचे जुने निर्णय आहेत, ते वकिलाने दाखवायला हवेत. पण सावध राहा: इथे शपथेवर दिलेली माहिती फौजदारी खटल्यात वापरली जाऊ शकते. ‘मी फक्त ढकललं होतं’ हे वाक्य बॉन्डसाठी सौम्य वाटतं, खटल्यात कबुली ठरतं. म्हणून घटनेबद्दल गप्प राहून घर, नोकरी, कुटुंब, आधीचा स्वच्छ इतिहास यांवर भर देतात.

कायद्याने किमान बॉन्ड १,५०० डॉलर. वरची मर्यादा नाही. आयसीईकडे भरताना पूर्ण रक्कम भरावी लागते, दहा टक्क्यांचं फौजदारी गणित इथे नाही. आणि न्यायाधीशाने बॉन्ड दिला तरी मिठाई वाटू नका: आयसीईने मुळात बॉन्ड नाकारला असेल किंवा १०,००० डॉलर वा जास्त ठेवला असेल, तर एका कामकाजाच्या दिवसात एक फॉर्म भरून सरकार सुटका आपोआप रोखू शकतं.

११. सरकार वकील देतं का?

फौजदारी खटल्यात, परवडत नसेल तर, हो. इमिग्रेशन कोर्टात वकील ठेवायचा हक्क आहे, पण स्वतःच्या खर्चाने. न्यू यॉर्क शहरात कोठडीतल्यांसाठी सार्वजनिक पैशाने चालणारी वकिलांची योजना आहे. बाकी ठिकाणी इमिग्रेशन कोर्टाची मोफत वकिलांची यादी मागा. फौजदारी वकिलाने गुन्हा कबूल करण्याचे इमिग्रेशनवरचे परिणाम सांगितलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या निकालात म्हटलंय. त्याने विषय काढला नाही तर तुम्ही काढा, कारण राज्याने ‘दोषी ठरवणं पुढे ढकललं’ असं म्हटलं तरी कबुली आणि सोबत काही शिक्षा असेल तर इमिग्रेशनसाठी ती दोषसिद्धीच असते.

१२. तो आयसीईकडे आहे आणि फौजदारी तारीख पुढच्या आठवड्यात आहे. काय करायचं?

फौजदारी वकिलाला लगेच कळवा. कोर्टाकडून आयसीईच्या नावाने ‘या माणसाला खटल्यासाठी हजर करा’ असा आदेश मागता येतो. आयसीई तो प्रत्येक वेळी पाळतेच असं नाही. निदान तो का आला नाही हे कागदावर राहतं, वॉरंट टाळायला तेवढाच आधार.

१३. किती दिवस ठेवू शकतात? काही मर्यादा असेलच ना?

कारवाई चालू असताना कायद्यात आकडा लिहिलेला नाही. डिमोर निकालात न्यायालयाने ही कोठडी ‘थोड्या काळाची’ असते असं गृहीत धरलं होतं आणि अपील करणाऱ्यांसाठी सुमारे पाच महिन्यांचा आकडा दिला होता. २०१६ मध्ये सरकारनेच न्यायालयाला पत्र लिहून कळवलं की आकडेवारी चुकली होती, अपील केलेल्या प्रकरणांची सरासरी ३८२ दिवस होती. निकाल मात्र उभाच आहे. तेरा वर्षं चुकीच्या आकड्यावर माणसं आत राहिली, याची खंत कोणत्याही निकालपत्रात सापडत नाही.

दर सहा महिन्यांनी बॉन्डची सुनावणी द्या, हे कायद्याच्या शब्दांत नाही, असं २०१८ च्या जेनिंग्ज विरुद्ध रॉड्रिग्ज निकालाने ठरवलं. घटनात्मक मुद्दा त्याने उघडा सोडला. त्या फटीतून दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्किटने फार लांबलेल्या कोठडीत सुनावणी द्यायला लावली. वाट हेबियस अर्जाची (प्रश्न १६).

१४. खटल्यातून निर्दोष सुटला. आता तरी सोडतील?

आपोआप नाही. स्टेटस नसेल तर इमिग्रेशनची कारवाई चालूच राहते. पण पोटकलम ‘अ’ खाली असेल तर परिस्थिती बदलली म्हणून बॉन्डवर फेरविचार मागता येतो, आणि निर्दोष सुटका हा त्यासाठी भक्कम आधार आहे. लेकन रायली कायद्यात मोठी अडचण आहे. ‘अटक झालेला’ या शब्दानंतर निर्दोष सुटलेल्यांना वगळणारं वाक्यच नाही. चुकीच्या ओळखीवरून धरलेला माणूसही शब्दशः पाहिलं तर त्यात येतो. हा कायद्याचा दोष आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण मताने कुलूप उघडत नाही.

१५. हद्दपारीचा हुकूम झाला, त्याचा देश परत घेत नाही. मग जन्मभर आत?

हुकूम पक्का झाल्यावर ९० दिवस काढून देण्याचा काळ असतो, आणि गंभीर गुन्हेवाल्यांना त्या काळात सोडता येत नाही. त्यानंतर २००१ चा झॅडव्हिडास निकाल लागू होतो: साधारण सहा महिन्यांनंतर नजीकच्या काळात पाठवणं शक्य दिसत नसेल तर सोडायला हवं, देखरेखीच्या अटींवर. निव्वळ हिंसक इतिहास हे अडवून ठेवायला पुरेसं नाही. मानसिक आजारामुळे विशेष धोकादायक असणाऱ्यांसाठी मात्र वेगळे नियम केलेले आहेत. सरकारचा अलीकडचा मार्ग म्हणजे तिसऱ्याच देशात पाठवणं, आणि २०२५ पासून त्यावर न्यायालयांत झगडा चालू आहे.

फौजदारी शिक्षा बाकी असेल तर मात्र आधी ती भोगावी लागते, मग हद्दपारी. ‘मी स्वतःच निघून जातो, खटला सोडा’ असं म्हणणारे याच्यावर आपटतात. खटला अर्धा टाकून गेलात तर वॉरंट मागे राहतं आणि पुढच्या व्हिसाच्या खिडकीत भेटतं.

१६. हेबियस म्हणजे काय, आणि घाई कशाची?

‘मला बेकायदा ठेवलंय’ असं फेडरल जिल्हा न्यायाधीशाला सांगणारा अर्ज. फी ५ डॉलर. घाई अशासाठी की तो अर्ज माणूस ज्या जिल्ह्यात प्रत्यक्ष ठेवलाय तिथेच करायचा असतो. सकाळी न्यू जर्सीत असलेला माणूस संध्याकाळी लुइझियानात असू शकतो, आणि तिथल्या सर्किटची मतं त्याला फारशी मानवत नाहीत. अर्ज आधी दाखल झाला असेल तर नंतर हलवलं तरी सहसा तो त्याच न्यायालयात राहतो.

१७. तो कुठे आहे तेच कळत नाही!

आयसीईच्या वेबसाइटवर कैदी शोधायची सोय आहे. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) आणि जन्माचा देश, किंवा पासपोर्टवर आहे तसं नाव आणि जन्माचा देश टाका. मधलं नाव, आडनावाचं स्पेलिंग उलटसुलट करून पाहा, आपल्याकडच्या नावांचा तिथे हमखास घोळ होतो. अठरा वर्षांखालची मुलं तिथे दिसत नाहीत. एकटी सापडलेली मुलं आरोग्य खात्याच्या ताब्यात जातात. आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला कळवायचा हक्क व्हिएन्ना कराराने दिलाय, पण तो सहसा अटकेतल्या माणसाने स्वतः मागावा लागतो. पहिल्या फोनवर त्याला हे सांगा, आणि घटनेबद्दल एक शब्द बोलू नकोस हेही. तो फोन रेकॉर्ड होत असतो.